तिसरा पीळ

भोईरसरांचं गणित चुकत नाही, हे ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या झाडून सगळ्या फिजिक्सवाल्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरल्यावर ते पुन्हा तपासायच्या भानगडीत कोण पडतो? योगिनी केळुसकर तर त्या मताची सगळ्यांत जुनी पुजारीण. सरांची पहिली विद्यार्थिनी, आता ठाण्यातल्या एका कॉलेजात विभागप्रमुख, केस पांढरे झाले तरी वर्गात अजून 'आमचे सर म्हणायचे' यावाचून तास संपत नसे. सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला होता आणि त्या वेळी निघणाऱ्या गौरवग्रंथाची संपादक तीच होती. ग्रंथाला शोभा म्हणून तिनं एक काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. सरांनी हयातभर हातानं केलेली गणितं संगणकावर पुन्हा करून घ्यायची, आणि सगळी बरोबर निघाल्याचा तक्ता शेवटी छापायचा. चुकीचं एखादं निघालं तर काय, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता, असं ती कुणालाही सांगू शकली असती. ते खरं नव्हतं.

काम करत होता तिचा विद्यार्थी सम्यक. शहाडचा, सव्वीस वर्षांचा, कामाला वाघ. सत्काराला तेरा दिवस असताना, एका गुरुवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत आला आणि म्हणाला की त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळले. योगिनी खूश झाली. चहा मागवला. चहा येईपर्यंत उगाच म्हणून तिनं त्याचा प्रोग्रॅम वरून खाली वाचायला घेतला, आणि एका ओळीशी तिचं बोट थांबलं. ओळ साधी होती. आकृती क्रमांक एकोणीस आली, की आलेलं चिन्ह उलटं करा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

सम्यक ओशाळला. "मॅडम, एकोणीसला माझं उणे येत होतं. सरांच्या पेपरमध्ये अधिक आहे. तीन आठवडे बग शोधतोय, सापडतच नाहीये. पण सरांचं कसं चुकेल? म्हणून तेवढं एक ॲडजस्ट केलं."

चहा आला. योगिनीनं तो प्यायला नाही. एकोणीस नंबरची आकृती म्हणजे पाच गाठींची आकृती, हे तिला क्रमांक न बघताही कळलं असतं. बत्तीस वर्षं ती या उणे चिन्हाची वाट चुकवत आली होती, आणि आज ते तिच्याच खोलीत, तिच्याच विद्यार्थ्याच्या हातून, तिच्यासारखंच लपून बसलेलं तिला सापडलं होतं.

आता हे चिन्ह कसलं आणि गाठी कसल्या, ते सांगायला सरांच्या घरी ठाकुर्लीला जायला हवं.

सरांचं पाळण्यातलं नाव दगडू. आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, आणि सरांनी ते कधी बदललं नाही. इंग्लंडमधले प्रोफेसर त्यांना 'डॅग्डू' म्हणत आणि सर ओ देत. गाव शीळफाट्याच्या अलीकडचं, पण वडलांनी ठाकुर्लीला पिठाची गिरणी टाकली आणि सर गिरणीतच वाढले. मोटरीपासून जात्यापर्यंत जाणारा तो रुंद कॅनव्हासचा पट्टा सारखा निसटायचा, आणि तो चढवायचं काम दगडूचं. पुढे तोच पट्टा त्यांनी जगाला शिकवला. वर्गात ते पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधत, दुसरं टेबलाच्या पायाला, पण बांधण्याआधी त्याला एक पूर्ण पीळ देत. मग पोरांना म्हणत, घालवा हा पीळ. पोरं तो इकडे सरकवत, तिकडे सरकवत, दाबून बघत, पण टोक सोडल्याशिवाय तो जात नसे. अवकाशभर पसरलेल्या क्षेत्रातही असेच पीळ पडतात, सर सांगत. ते सरकतात, एकमेकांवर आदळतात, पण विरून जात नाहीत, म्हणून ते कणासारखे वागतात. पुस्तकात त्यांना टोपॉलॉजिकल सॉलिटॉन म्हणतात. सर त्यांना गाठी म्हणत.

या गाठींवर सरांनी अख्खं आयुष्य घातलं. इंग्लंडमध्ये दोन वर्षं राहिले, तिथल्या तीन विद्यापीठांनी बोलावलं, तिन्हींना नको म्हणून परत आले आणि कल्याणच्या एका कॉलेजात आठवड्याला अठरा तास शिकवू लागले. का आलात म्हणून विचारलं तर सांगायचे, तिथे तांदळाची भाकरी मिळत नाही. खरं कारण म्हातारी आई होती, पण ते कधी तोंडातून निघालं नाही. संशोधन सगळं जेवणाच्या टेबलावर. दोन गाठी समोरासमोर आदळल्या तर किती ऊर्जा बाहेर पडते, याचा आकडा त्यांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साध्या कॅल्क्युलेटरवर काढला. अकरा वर्षांनी परदेशातल्या एका मोठ्या संगणकानं तोच आकडा दिला. त्या संगणकाचा मालक असलेला प्रोफेसर मग मुद्दाम ठाकुर्लीला आला, टेबल बघून गेला, आणि टेबलाचा फोटो काढून नेला. असा माणूस. योगिनीला त्यांच्याबद्दल जे वाटे ते भक्तीच्या पलीकडचं नसलं तरी अलीकडचं नक्की नव्हतं.

आणि त्या टेबलाची एक रीत होती. सर तिला ताळा म्हणत. शाळेत बेरजेचा ताळा करतात तसाच, फक्त माणसं दोन. कुठलंही महत्त्वाचं गणित दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं, एकमेकांना न विचारता करायचं. रविवारी सकाळी दोघांनी आपापला कागद टेबलावर पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. जुळला तर शेवंतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गरम भाकरी आणि सुकट वाढत. नाही जुळला तर नुसतं पाणी पिऊन घरी जायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचं. काकूंना गणितातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण भाकरीच्या बाबतीत त्या सरांपेक्षा कडक होत्या.

बत्तीस वर्षांपूर्वी पाच गाठींच्या आकृतीचा ताळा योगिनीकडे होता. प्रश्न इतकाच, की ती आकृती एका ठरावीक कोनातून फिरवली आणि सोबत आतलं क्षेत्रही फिरवलं की ती पुन्हा होती तशी दिसते. या फेरीनंतर तिचं चिन्ह अधिकच राहतं, की उणे होतं? त्या एका चिन्हावर आकृतीच्या ऊर्जेच्या सगळ्या पायऱ्या ठरायच्या. पहिल्या रविवारी सरांचं अधिक आलं, योगिनीचं उणे. सर म्हणाले, पुन्हा करू. आठवडाभर ती डोंबिवलीच्या घरात रात्रंदिवस कागद काळे करत होती. शनिवारी पुन्हा उणेच आलं. पंचवीस वर्षांची पोर, सरांसमोर कुठल्या तोंडानं म्हणणार की तुमचं चुकतंय? सर चुकत नाहीत, तेव्हा आपलीच चूक आहे आणि ती आपल्याला सापडत नाही, असा तिनं हिशेब केला. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी एका ठिकाणी तिनं एक गृहीत बदललं. अधिक आलं. कागद उलटले, जुळले, सर लहान मुलासारखे हसले आणि काकूंनी दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. पेपर छापून आला तेव्हा शेवटी एक वाक्य होतं, की हा निकाल कुमारी योगिनी केळुसकर यांनी स्वतंत्रपणे पडताळला आहे. ते वाक्य तिच्या आईनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

पेपर गाजला. फक्त त्या पायऱ्या प्रयोगातल्या आकड्यांशी जुळेनात. सरांना वाटलं मूळ समीकरणातच काहीतरी कमी आहे, आणि ते शोधण्यात त्यांनी बारा वर्षं घालवली. समीकरणात एक पद घाल, बघ, काढ, दुसरं घाल. ऐन उमेदीची बारा वर्षं. शेवटी त्यांनी ते दप्तर बांधून माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या प्रकारच्या गाठींकडे वळले, तिथेही नाव काढलं. पण पाच गाठींचा विषय निघाला की ते म्हणत, ती आकृती काही मला वश झाली नाही. आणि योगिनी खाली मान घालून चहाच्या कपाकडे बघायची.

त्या गुरुवारी संध्याकाळी योगिनीपुढे तीन वाटा होत्या, आणि तिनं तिन्ही नीट बघून घेतल्या, कारण ती काही संत नव्हती. तक्ताच छापायचा नाही, म्हणजे विषय मिटला. किंवा सम्यकला सांगायचं की तुझं बरोबर आहे, जा आणि सरांना दाखव. चूक उजेडात येईल, पोराचं नाव होईल, आणि तिनं तेव्हा काय केलं ते कुणालाही, कधीही कळणार नाही. ही वाट इतकी सभ्य आणि सोयीची होती की ती जवळजवळ त्या वाटेला लागलीच होती. पण डोळ्यांसमोरून ती एक ओळ हलेना. चिन्ह उलटं करा. तिनं ते घाबरून केलं होतं, आता सम्यकनं आदरानं केलं होतं, आणि दोन्हींत फारसा फरक नाही हे तिला कळत होतं. हे पोर उद्या गाईड होईल आणि त्याच्या पोरांनाही हेच शिकवेल. तिसरी वाट सरळ होती, आणि तिच्या टोकाला सरांचे डोळे होते. त्या डोळ्यांतून उतरायचं, ही एकच गोष्ट तिला आयुष्यभर नको होती.

रविवारी सकाळी ती रिक्षानं ठाकुर्लीला गेली. गिरणीच्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि सर तिसऱ्या मजल्यावर राहतात. हॉलच्या भिंतीवर खिळ्याला गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा दोन हात लांब तुकडा टांगलेला असतो. येणारे-जाणारे तो कशाचा म्हणून विचारतात आणि मग अर्धा तास अडकतात. काकूंनी दार उघडलं, "ये बाय," म्हणाल्या आणि पाणी दिलं. सर भिंग घेऊन काहीतरी वाचत होते. एका डोळ्यानं आता फारसं दिसत नाही.

ती बोलायला लागली. सर, पाच गाठींबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय. सरांनी हात वर केला.

"गणिताबद्दल आहे ना? मग आधी ताळा. बोलणं मागनं."

तिनं सांगून पाहिलं की हे तसं नाही, थोडं खाजगी आहे. पण ताळ्याचं नाव काढल्यावर म्हातारा ऐकतो कसला. दोन कोरे कागद काढले, एक तिच्यापुढे सरकवला, स्वतः खुर्ची फिरवून पाठ करून बसले. पाच गाठी, तीच फेरी, चिन्ह काढ. दीड तास दोघं लिहीत होते. सरांचं भिंग कागदाच्या इतकं जवळ, की नाकाला शाई लागायची. योगिनी मधेच थांबून त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघायची. या माणसाला आता, या वयात, सत्कार दहा दिवसांवर आलेला असताना हे सांगायचं?

कागद पालथे पडले. एकदम उलटले. योगिनीचं उणे होतं. सरांचं अधिक.

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंका नव्हती, नुसती वाट बघणं होतं, बत्तीस वर्षांपूर्वीसारखंच. पुन्हा करू म्हणायला ते तोंड उघडणार, हे तिला दिसलं. आणि त्याआधीच तिच्या तोंडून ते निघालं.

"सर, तुमचं चुकलंय."

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. त्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"कुठे?" सरांनी विचारलं. फक्त एवढंच.

ती उठली आणि खिळ्यावरचा पट्टा काढून घेतला. एक टोक त्यांच्या हातात दिलं, घट्ट धरा म्हणाली. दुसरं टोक आपल्या हातात घेऊन तिनं एक पूर्ण पीळ दिला, मग दुसरा. तुम्ही हे दोन मोजलेत, ती म्हणाली. आकृतीच्या बाहेरच्या फिरण्याचे. आणि तिनं आपलं टोक हातात न वळवता, पट्ट्याच्या मधल्या भागाभोवतून एकदा फिरवून आणलं. पट्टा सपाट झाला. दोन पीळ सुटतात, म्हणून तुमचं चिन्ह अधिक. ही करामत सरांनीच तिला शिकवली होती, याच पट्ट्यावर.

"पण आतलं क्षेत्र फिरतं, तेव्हा अजून एक पडतो," ती म्हणाली, आणि या वेळी एकामागोमाग तीन पीळ दिले. टोक पुन्हा भोवतून फिरवून आणलं. दोन गेले. एक राहिला. सरांनी तो बोटांनी चाचपला. इकडे सरकवून पाहिला, तिकडे सरकवून पाहिला. जाणार नव्हताच. आयुष्यभर हेच तर शिकवलं होतं त्यांनी.

"उणे," सर म्हणाले. "अगं, उणेच की. मी तो धरलाच नाही. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. तीच चूक, त्याच ठिकाणी." आणि त्यांचा चेहरा उजळला. चूक सापडल्यावर इतका आनंद होणारा माणूस योगिनीनं दुसरा पाहिला नाही. पायऱ्यांची सुरुवात वरून होणार, म्हणजे प्रयोगाशी जुळेल, समीकरण निर्दोष होतं, बिचारं उगाच बदनाम झालं, असं त्यांचं भराभर सुरू झालं. तुला कधी दिसलं हे, त्यांनी कौतुकानं विचारलं.

आता सम्यकचं नाव घेतलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. शेवटची ती सोय अजून शिल्लक होती.

"मला तेव्हाही उणेच आलं होतं, सर."

"पहिल्या रविवारी. आठवतंय मला."

"दुसऱ्या पण. सकाळी निघताना मी ते बदललं. तुमचं अधिक येणार हे माहीत होतं."

सरांनी पट्टा टेबलावर ठेवला. मग उठून गॅलरीत गेले आणि गजांना धरून उभे राहिले. योगिनीला रडू येत होतं, पण रडलं तर ते त्यांच्याकडून माफी उकळल्यासारखं होईल, म्हणून तिनं ते गिळलं. परत आले तेव्हा सर एकदम पंच्याहत्तर वर्षांचे दिसत होते.

"बारा वर्षं, योगिनी."

"हो सर."

"मला वाटायचं, माझीच अक्कल कमी पडते."

ते खुर्चीत बसले, भिंग पुसलं, आणि म्हणाले की जर्नलला दुरुस्ती पाठवायची, उद्याच. तिनं मान हलवली. सगळी चूक माझीच असं मी लिहिते, म्हणाली. सरांनी तिला तिथेच अडवलं.

"चूक माझी. पीळ मी मोजला नाही, ते वाक्य मी लिहीन. तुला बरोबर उत्तर आलं होतं आणि तू ते लपवलंस, ते वाक्य तू लिही. तुझं वाक्य मी माझ्यावर घेणार नाही आणि माझं तुला देणार नाही."

हे ऐकून योगिनीला जे वाटलं त्याला सुटका म्हणता येत नाही. पण ते सुटकेच्या फार जवळचं होतं. माफ केलं असतं तर ती लहानच राहिली असती. त्यांनी तिला तिच्या चुकीसकट समोर बसवलं होतं, बरोबरीनं.

मग तिनं सम्यकचं आणि त्याच्या त्या ओळीचं सांगितलं. सरांनी लगेच फोन लावायला लावला आणि कानाला धरून म्हणाले की मी दगडू भोईर बोलतोय, तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे आणि माझा पेपर चूक, ती ओळ आत्ताच्या आत्ता काढ. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोरगा बहुधा उभा राहिला असावा.

फोन ठेवून सरांनी नवा कागद ओढला. उणे धरून पायऱ्या नव्यानं मांडायला हव्यात, म्हणाले, पहिल्या पाच मी काढतो, तू पण काढ, पुढच्या रविवारी ये. योगिनीनं आठवण करून दिली की त्याच्या पुढच्या बुधवारी सत्कार आहे, भाषण लिहायचं असेल. सर म्हणाले, भाषणात हेच सांगायचंय, आणि न पडताळता कसं सांगू? आणि बोलता बोलताच ते लिहायलाही लागले.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. हात पिठाचे. दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघून त्यांनी नेहमीचं विचारलं.

"जुलला का?"

सरांनी टेबलावरचे दोन कागद बघितले. एकावर अधिक, एकावर उणे.

"नाय जुलला," ते म्हणाले. "तरी भाकर दे तिला."